हिंवाळ्यांतील कढण आणि दाबाचा कुकर

नागपूरचा उन्हाळा सर्वांच्या तोंडीं आहे. येथील थंडीचा लौकिक मात्र त्या मानानें झालेला नाहीं. वास्तविक २९ डिसेंबर २०१८ रोजीं ह्या शहराचें किमान तपमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलें होतें. अशा दिवसांत रात्रीच्या जेवणास वाटीभर ऊन ऊन, दाट कढण मिळालें तर लहानथोरांस केवढें समाधान होतें, हें सांगावयास नको. परंतु कढण म्हटलें कीं कडधान्यें आलीं, आणि कडधान्यें म्हटलीं कीं चुलीपुढें ताटकळणें आलें. हा वेळ व हें जळण दाबाचा कुकर वांचवितो. तो तें कसें साधतो आणि त्याच्याशीं आपण कसें वागावें, हें आज पाहावयाचें आहे. कारण हें भांडें जितकें उपकारक, तितकेंच हयगय झाल्यास घातक आहे.

ह्या पदार्थास आपण हल्लीं ‘सूप’ म्हणतों. हा शब्द आपण इंग्रजींतून उचलला हें खरें. पण संस्कृतांतही ‘सूप’ म्हणजे वरण किंवा कढणच, आणि १८७५ सालीं निघालेल्या मराठी पाककृतींच्या एका पुस्तकाचें नांव ‘सूपशास्त्र’ असेंच होतें. तेव्हां पाहुणा म्हणून आलेला हा शब्द आपल्या घरच्या नात्यांतलाच निघाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां शास्त्राकडे वळूं. पाणी किती उष्णतेवर उकळावें हें त्याच्यावर पडणाऱ्या दाबावर अवलंबून असतें. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारें ३०० मीटर उंच आहे. येथें पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतें. चिखलदऱ्यास, म्हणजे सुमारें ११०० मीटर उंचीवर, हवेचा दाब कमी असल्यामुळें तें ९६ अंशांच्या सुमारासच उकळूं लागतें, आणि म्हणून तेथें उघड्या भांड्यांत डाळ शिजण्यास अधिक वेळ लागतो. एकदां पाणी उकळूं लागलें कीं, कितीही मोठा जाळ केला तरी त्याची उष्णता वाढत नाहीं. केवळ वाफ अधिक होते. कुकरमध्यें हीच वाफ कोंडली जाते. तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोनें वाढला, म्हणजे आंतील पाणी जवळजवळ १२० अंशांपर्यंत तापतें, आणि तासभर शिजणारें धान्य कांहीं मिनिटांत मऊ होतें.

ही युक्ति डेनिस पापिन नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ सालीं लंडनमध्यें दाखविली. हाडें मऊ करणें हा त्याचा हेतु होता. भांडें फुटूं नये म्हणून जादा वाफ बाहेर सोडणारी झडपही त्यानेंच योजिली. आपल्याकडे १९१० च्या सुमारास डॉ. इंदुमाधव मल्लिक ह्या बंगाली गृहस्थांनीं इकमिक कुकर काढला, व तो मराठी घरांतूनही पोहोंचला. परंतु त्यांत वाफ असे, दाब नसे. हॉकिन्स व प्रेस्टिज हे दाबाचे कुकर १९५९ पासून पुढें आले, आणि आज शिटीचा आवाज ऐकूं येत नाहीं असें घर विरळा.

आतां प्रत्यक्ष कृति. पौष महिन्याच्या सुमारास आपल्या बाजारांत तुरीच्या हिरव्या शेंगा येतात. चार माणसांसाठीं दोन वाट्या सोले घ्यावे. ते नसल्यास वाटीभर चवळी किंवा वाटाणे रात्रभर भिजवून घ्यावे. पाव वाटी मुगाची डाळ, दोन गाजरें, एक बटाटा व एक कांदा असूं द्यावा. कुकरमध्यें चमचाभर तुपावर जिरें, लसूण व आलें परतून हें सर्व घालावें आणि सहा वाट्या पाणी ओतावें. पहिली शिटी झाली कीं आंच अगदीं मंद करावी. सोल्यांस त्यानंतर सहासात मिनिटें पुरतात, भिजविलेल्या वाटाण्यांस बारा-पंधरा लागतात. शिट्या मोजण्यापेक्षां मिनिटें मोजावीं, हें बरें. मोठ्या आंचेवर एकामागून एक शिट्या काढल्यानें अन्न लवकर शिजत नाहीं, गॅस मात्र जातो.

टमाटे, चिंच इत्यादि आंबट पदार्थ आरंभीं घालूं नयेत. आंबटपणानें कडधान्यांचीं सालें लवकर मऊ होत नाहींत. विहिरीच्या जड पाण्यानेंही तसेंच होतें. त्यावर उपाय म्हणून कित्येक घरीं सोडा घालतात, परंतु त्यामुळें ‘ब१’ जीवनसत्त्वाचा नाश होतो. कुकर आपोआप निवाल्यावर कढण रवीनें घोटावें. मग चिरलेला पालक, टमाटे, मीठ व मिरपूड घालून उघड्यावरच पांच मिनिटें उकळावें. लिंबू पानांत वाढल्यावर पिळावें. त्यांतील ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेनें कमी होतें, आणि तेंच धान्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत करतें. सोबत ज्वारीची गरम भाकरी असली म्हणजे दुसऱ्या कशाची वाण पडत नाहीं.

शेवटीं महत्त्वाची गोष्ट. डाळी व कडधान्यें शिजतांना फेंसाळतात. तो फेंस किंवा एखादें साल वाफेच्या नळींत अडकलें, तर दाबास वाट राहत नाहीं. म्हणून असे पदार्थ पाण्यासह कुकरच्या निम्म्याहून अधिक भरूं नयेत, आणि दर वेळीं ती नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते कीं नाहीं तें पाहावें. रबराची रिंग कडक झाली वा तडकली तर ती बदलावी. सुरक्षा-झडप उडाली असतां तिच्या जागीं मूळ कंपनीचीच नवी बसवावी. तेथें भलतेंच कांहीं ठोकून बसविणें म्हणजे भांड्याचा तोफगोळा करणें होय. दाब पुरता उतरल्यावांचून झांकणास हात लावूं नये, आणि घाईच्या वेळीं तर मुळींच नाहीं. फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आय. एस. आय. चिन्ह असणें कायद्यानें बंधनकारक आहे; खरेदी करतांना तें पाहून घ्यावें.

थंडीच्या संध्याकाळीं सर्वांस भूक लागलेली असते व घाईही असते. कुकरनें आपला तासभर वेळ वांचविलेला असतो. त्यांतलीं दहा मिनिटें त्यास निवण्यासाठीं परत दिलीं, तर कढणही मुरतें आणि स्वयंपाक करणारें माणूसही सुखरूप पंगतीस बसतें.