न्यायालयातील प्रिंटर आणि लेखी आज्ञा

जिल्हा न्यायालयाचे कामकाज संगणकावर आले, तरी त्याचा शेवट बहुतेक वेळा कागदावरच होतो. रोजनामा, समन्स, वॉरंट, निकालपत्र आणि नकला विभागातून पक्षकाराला मिळणारी प्रमाणित प्रत, या सर्वांना सही आणि शिक्का लागतो, आणि तो उमटवण्यासाठी आधी छापील पान हातात यावे लागते. म्हणूनच न्यायालयातील प्रिंटर बंद पडणे ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात कामकाज अडवणारी ठरते, आणि तो चालू ठेवणाऱ्या प्रणाली प्रशासकाचे काम, म्हणजे संगणक आणि त्यांचे जाळे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम, वाटते त्यापेक्षा अधिक जबाबदारीचे असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या मार्गदर्शनाखाली २००७ मध्ये सुरू झालेल्या ई-न्यायालये प्रकल्पाने देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालये संगणकाने जोडण्याचे काम हाती घेतले; त्याचा दुसरा टप्पा २०१५ मध्ये सुरू झाला आणि तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. या प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याचा मूळ संकेत कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरचा स्वीकार केला. खटल्यांची माहिती ठेवणारी आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेने तयार केली, तर संगणकांसाठी लिनक्सवर आधारलेली उबुंटू ही कार्यप्रणाली निवडण्यात आली. पंधरा तालुक्यांचा जळगाव आणि चार तालुक्यांचा धुळे हे खान्देशातील दोन जिल्हे या व्यवस्थेत येतात. त्यामुळे तापीच्या उत्तरेकडील चोपडा, यावल, रावेर येथील किंवा धुळ्याच्या पश्चिमेकडील साक्री येथील न्यायालयात प्रिंटर अडला, तर जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या प्रशासकाने दर वेळी तेथवर प्रवास करावा की जागेवरूनच दोष शोधावा, हा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा ठरतो, आणि त्याचे उत्तर कमांड लाइनमध्ये सापडते. कमांड लाइन म्हणजे खिडक्या आणि चित्रांवर माउसने टिचकी न मारता संगणकाला शब्दांत टंकून आज्ञा देण्याची पद्धत होय.

लिनक्सवरील छपाईचा कारभार कप्स या आज्ञावलीकडे असतो. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिची आखणी सुरू केली आणि १९९९ मध्ये ती लोकांसमोर आली. ॲपलने २००२ मध्ये ती आपल्या संगणकांत घेतली, २००७ मध्ये तिचे हक्क विकत घेतले, आणि स्वीट २०१९ मध्ये ॲपलमधून बाहेर पडल्यावर तिच्या विकासाची धुरा मुख्यतः ओपनप्रिंटिंग या मुक्त सॉफ्टवेअरच्या गटाकडे आली. तिच्या आधी युनिक्स या, लिनक्सच्या पूर्वसुरी कार्यप्रणालीच्या निरनिराळ्या शाखांत छपाईच्या आज्ञा निरनिराळ्या होत्या. कप्सने त्या जुन्या आज्ञांची नावे तशीच चालू ठेवली, पण आतील यंत्रणा इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, या सर्वमान्य नियमावलीवर उभारली. संगणक आणि प्रिंटर यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत आणि कोणत्या क्रमाने बोलावे, हे ही नियमावली ठरवते, आणि त्यासाठी ६३१ क्रमांकाचे द्वार, म्हणजे पोर्ट, राखून ठेवलेले आहे.

प्रिंटर जोडताना प्रशासक प्रथम एलपीइन्फो ही आज्ञा देऊन संगणकाला कोणकोणते प्रिंटर दिसतात हे पाहतो आणि नंतर एलपीॲडमिन या आज्ञेने त्याची नोंद करतो. या आज्ञेपुढे ठरावीक अक्षरे लिहून तपशील पुरवले जातात: पी या अक्षरानंतर प्रिंटरचे नाव, व्ही नंतर त्याचा जाळ्यातील पत्ता आणि एम नंतर ड्रायव्हर, म्हणजे त्या विशिष्ट यंत्राला समजेल असे रूपांतर करणारा दुवा. अलीकडच्या प्रिंटरसाठी ड्रायव्हरच्या जागी ‘एव्हरीव्हेअर’ एवढाच शब्द लिहिला तरी पुरते, कारण कागदाचे आकार, दोन्ही बाजूंची छपाई, रंग इत्यादी क्षमता संगणक स्वतःच प्रिंटरला विचारून घेतो. अर्थात त्या क्षणी प्रिंटर चालू आणि जाळ्यात हजर असावा लागतो. याच आज्ञेतील मोठ्या लिपीतल्या ई या अक्षराचा अर्थ मात्र जागेप्रमाणे बदलतो. प्रिंटरच्या नावानंतर ते लिहिले तर प्रिंटर कामासाठी खुला होतो, आणि नावाच्या आधी लिहिले तर आज्ञा देणाऱ्याचे कप्सशी होणारे संभाषण सांकेतिक करण्याची मागणी होते. नोंद झाली तरी प्रिंटर काम स्वीकारत नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हे चुकलेले स्थानच असते.

कप्सच्या लेखी प्रिंटर म्हणजे मुळात कामांची एक रांग असते, आणि तिचा व्यवहार न्यायालयाच्या दैनंदिन बोर्डाशी, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीशी, ताडून पाहिल्यास चटकन ध्यानात येतो. दावा दाखल करून घेणे आणि तो सुनावणीस घेणे या जशा दोन स्वतंत्र बाबी आहेत, तसेच रांगेने नवे काम स्वीकारणे आणि आलेले काम प्रत्यक्ष छापणे यांचेही आहे. पहिल्यासाठी कप्सॲक्सेप्ट आणि दुसऱ्यासाठी कप्सएनेबल अशा वेगळ्या आज्ञा असतात. प्रिंटरशी संपर्क तुटल्यावर रांग थांबवावी की पुन्हा प्रयत्न करावा, हे आधी ठरवून ठेवलेल्या धोरणावर अवलंबून असते. थांबवण्याचे धोरण असेल, तर वीज जाऊन परत आल्यावर प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला दिसतो, लघुलेखक पुन्हापुन्हा छपाईची आज्ञा देतो, कामे साचत जातात आणि एकही पान बाहेर येत नाही. एलपीस्टॅट या आज्ञेने थांबलेली रांग आणि तिच्यातील कामे दिसतात, कप्सएनेबलने ती पुन्हा सुरू करता येते, आणि यंत्रच नादुरुस्त असेल तर एलपीमूव्हने सगळी कामे शेजारच्या प्रिंटरकडे वळवता येतात.

वीज परत आल्यावर उद्भवणारा दुसरा दोष पत्त्याचा असतो. जाळ्यातील यंत्रांना पत्ते वाटणारी यंत्रणा प्रिंटरला पूर्वीपेक्षा वेगळा पत्ता देऊ शकते, आणि तसे झाले की संगणक जुन्याच पत्त्यावर काम पाठवत राहतो. म्हणून प्रत्येक प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवणे आणि त्याची यादी जपणे हे या कामातील पहिले पथ्य होय. ज्या प्रिंटरला जाळ्याची जोडणीच नसते, तो यूएसबी तारेने एका संगणकाला जोडून त्या संगणकामार्फत इतरांना खुला करता येतो. भारतीय कार्यालयांत सर्वत्र आढळणारा एचपी लेझरजेट १०२० हा त्यातलाच. हा प्रिंटर आपली अंतर्गत आज्ञावली कायम साठवून ठेवत नसल्याने दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ती त्याच्याकडे पाठवावी लागते, आणि मधला संगणक बंद असेल तर बाकीच्यांची छपाईही थांबते.

मराठी मजकुराच्या छपाईचा प्रश्न आता बराच सुटला आहे. जुन्या ठिपक्यांच्या, म्हणजे डॉट मॅट्रिक्स, प्रिंटरमध्ये रोमन अक्षरे जशी मुळातच साठवलेली असत तशी देवनागरी नसे, त्यामुळे तिच्यासाठी वेगळी सोय करावी लागे. आज जोडाक्षरांची जुळणी संगणकावरच होते, आणि पीडीएफ फाइलमध्ये अक्षरांचे आकार सोबत बांधलेले असल्याने प्रिंटरला मराठी येण्याची गरज उरत नाही. मात्र साध्या मजकुराची फाइल थेट छपाईच्या आज्ञेला दिल्यास जोडाक्षरे नीट उमटतीलच याचा भरवसा नसतो, म्हणून आधी पीडीएफ करून घेणे श्रेयस्कर ठरते. कागदाच्या आकाराबाबतही दक्षता लागते. न्यायालयांत लीगल आकाराचा लांब कागद दीर्घकाळ रूढ होता, तर सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंची छपाई स्वीकारली. रांगेचा मूळ आकार एक आणि ट्रेमधील कागद दुसरा असला, की प्रिंटर योग्य कागदाची वाट पाहत थांबतो; प्रत्येक रांगेसाठी आकार आणि बाजू एकदाच एलपीॲडमिनने ठरवून दिल्यास हा घोटाळा टळतो.

सुरक्षिततेचा मुद्दा न्यायालयात अधिकच नाजूक ठरतो, कारण लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि अशा खटल्यातील आदेश भलत्याच खोलीतील प्रिंटरवर निघणे ही गंभीर चूक होय. कोणत्या रांगेवर कोणी छापावे, हे वापरकर्त्यांच्या गटानुसार आज्ञेनेच बांधून देता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये जाळ्यातील प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या कप्स-ब्राउज्ड या सहायक आज्ञावलीत गंभीर त्रुटी उघड झाल्या, आणि गरज नसेल तेथे ती बंद ठेवावी व ६३१ क्रमांकाचे द्वार बाहेरच्या जगाला खुले असू नये, असा सल्ला जगभरच्या प्रशासकांना मिळाला.

ही सर्व कामे खिडक्यांच्या पडद्यावरूनही करता येतात, आणि एकाच प्रिंटरसाठी तीच वाट सोपी आहे. परंतु प्रिंटर अनेक आणि गावे लांबलांबची असली, की लेखी आज्ञेचे मोल कळते. एसएसएच या सुरक्षित जोडणीने जळगावात बसून रावेरच्या संगणकावर तीच आज्ञा देता येते. प्रिंटरची नावे आणि पत्ते एका फाइलमध्ये लिहून ठेवले, तर छोट्या आज्ञावलीने सगळ्या रांगा एकाच रीतीने उभ्या करता येतात. आणि कोणी कधी काय बदलले, याचा माग त्या फाइलच्या जुन्या आवृत्त्यांत राहतो. शासकीय सेवेत बदली अटळ असते, आणि पडद्यावर टिचक्या मारून केलेल्या मांडणीचे ज्ञान कर्मचाऱ्याबरोबर निघून जाते, तर लिहिलेली आज्ञा त्याच्या जागी येणाऱ्याला वाचता, तपासता आणि दुरुस्त करता येते. अडकलेला कागद काढणे, टोनर बदलणे, निसटलेली तार बसवणे ही कामे दुरून होत नाहीत, त्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी एक जाणता हात लागतोच. मात्र दोष यंत्रात आहे की मांडणीत, हे आधी दुरूनच कळले, तर तो हात नेमका कशाला लावायचा हे फोनवर सांगता येते आणि पुष्कळदा प्रवास वाचतो. प्रत्येक निर्णय लेखी ठेवणाऱ्या संस्थेने आपल्या यंत्रांची मांडणीही लेखी ठेवावी, हे तिच्या रीतीला धरूनच आहे.