एक सण, दोन तारखा

2024 मध्ये रोमच्या कॅथलिकांचा ईस्टर 31 मार्चला झाला, तर अथेन्स आणि मॉस्कोच्या ऑर्थोडॉक्स मंडळींना 5 मेपर्यंत थांबावं लागलं. पुढच्याच वर्षी दोघांचाही सण 20 एप्रिलला आला! वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हे सूत्र दोघांनाही मान्य आहे. भांडण पंचांगाचं, आपल्याकडे ते काही नवं नाही. 1582 मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी दिनदर्शिका सुधारली, पण बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चनी ईस्टरपुरती जुनी ज्युलियन गणनाच ठेवली. तिचा 21 मार्च, म्हणजे वसंतसंपाताचा ठरवलेला दिवस, आज आपल्या 3 एप्रिलला पडतो, शिवाय तिची पौर्णिमाही खऱ्या पौर्णिमेच्या मागे राहते. फिनलंडचं ऑर्थोडॉक्स चर्च मात्र नव्या गणनेने चालतं.

तारखांसारख्याच पद्धतीही वेगळ्या. कॅथलिक ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री चर्चबाहेर अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात आणि तिची ज्योत अंधाऱ्या चर्चमध्ये हातोहात पसरत जाते. वसईच्या चर्चमध्ये हा विधी मराठीत ऐकायला मिळतो. ग्रीक मंडळी मध्यरात्री ‘ख्रिस्तोस अनेस्ती’, म्हणजे ख्रिस्त उठला, असं म्हणतात आणि लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटतात. ज्याचं अंडं फुटत नाही, तो नशीबवान.

अनेक प्रॉटेस्टंट पहाटे उघड्यावर जमून सूर्योदयाची उपासना करतात. जर्मनीतल्या हेर्नहुटच्या मोरावियन पंथाच्या तरुणांनी 1732 मध्ये ती टेकडीवरच्या दफनभूमीत केली होती. क्वेकर पंथाचे लोक मात्र परंपरेने ईस्टर पाळतच नाहीत. त्यांच्या लेखी सगळे दिवस सारखेच पवित्र.