दोन मीटरसाठी ६३ तास

३१ मे ते २ जून २०२४. मध्य रेल्वेने ठाण्यात ६३ तासांचा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर (सीएसएमटी) ३६ तासांचा मेगाब्लॉक घेतला. शुक्रवारी १६१, शनिवारी ५३४ आणि रविवारी २३५, अशा ९३० लोकल रद्द झाल्या. शक्य असेल त्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावं, असं आवाहन रेल्वेला करावं लागलं. एका लोकलमागे दोन हजार माणसं धरली तरी साडेअठरा लाख प्रवासांचा हा हिशेब होतो. एवढा खटाटोप कशासाठी? सीएसएमटीचे दोन फलाट लांब करायचे होते आणि ठाण्याचा पाच-सहा नंबरचा फलाट दोन ते तीन मीटरने रुंद करायचा होता.

दोन मीटर म्हणजे घरातल्या पलंगाची लांबी. तेवढ्या रुंदीसाठी ठाण्याने तीन दिवस आपला दिनक्रम मोडला, आणि सोमवारी ठाण्याच्या प्रवाशांना विचारलं असतं तर बहुतेकांनी सौदा बरा झाला असंच सांगितलं असतं. गर्दीच्या स्थानकाचा पुनर्विकास या विषयावरचे वाद ऐकताना हा आकडा जवळ ठेवावा. कारण त्या वादांत बोललं जातं ते कोटी रुपयांत आणि चौरस मीटरमध्ये, आणि प्रवाशाचा जीव अडकतो तो फलाटाच्या रुंदीत आणि जिन्यावरच्या मिनिटांत.

आधी पसारा पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा १४ डब्यांत ४०० निमंत्रित होते आणि २१ तोफांची सलामी झाली. आज सकाळच्या बारा डब्यांच्या फास्ट लोकलमध्ये चार-साडेचार हजार माणसं असतात. म्हणजे त्या दिवशीचे सगळे पाहुणे आज जवळपास एका डब्यात मावतात आणि डोंबिवलीला आणखी काही चढतात. उपनगरी रेल्वेवर रोज सुमारे ७५ लाख प्रवास होतात. एकट्या सीएसएमटीवर रोजची ये-जा दहा लाखांच्या घरात आहे. तिथे फलाट १८, त्यातले लोकलचे फक्त ७. उरलेले ११ लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. प्रवाशांचं प्रमाण मात्र याच्या बरोबर उलट.

‘रोज दहा लाख’ हा आकडा भाषणाला चांगला, पण स्थानक बांधणाऱ्याच्या फारसा कामाचा नाही. दहा लाख माणसं एका वेळी येत नाहीत. एका वेळी किती असतात, ते ठरतं दोन गोष्टींवर: दर मिनिटाला किती येतात आणि प्रत्येक जण आत किती मिनिटं राहतो. या दोहोंचा गुणाकार म्हणजे त्या क्षणी आत असलेली माणसं. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ मध्ये हे गणिताने सिद्ध केलं. नियम इतका साधा की त्यात सिद्ध करण्यासारखं काय, असं वाटावं.

आता तो लावून पाहा. समजा, गर्दीच्या एका तासात एक लाख लोक स्थानकातून जातात आणि प्रत्येकाला गाडीच्या दारापासून रस्त्यापर्यंत पोचायला सहा मिनिटं लागतात. मग कुठल्याही क्षणी आत दहा हजार माणसं असतील. जिना तुंबला, इंडिकेटर बिघडला, बाहेर पाऊस कोसळायला लागला आणि सहाची नऊ मिनिटं झाली, तर आत पंधरा हजार. एकही जादा गाडी आली नाही, एकही जादा तिकीट विकलं गेलं नाही, तरी त्याच फरशीवर पाच हजार माणसं वाढली. फक्त तीन मिनिटांनी.

उलटा हिशेबही तितकाच चक्रावणारा आहे. दहा लाख प्रवाशांचं रोज एकेक मिनिट वाचवलं, तर दहा लाख मिनिटं वाचतात. म्हणजे ६९४ दिवस. दर दिवशी माणसांच्या आयुष्यातली जवळपास एक वर्ष अकरा महिने!

ही मिनिटं जातात कुठे? बहुतेक जिन्यावर. जॉन फ्रुइन यांनी १९७१ मध्ये चालणाऱ्या माणसांच्या गर्दीचं शास्त्र पुस्तकात मांडलं, तेव्हापासून जगभरचे स्थानकरचनाकार त्याच्या आधाराने मोजमाप करतात. दाटीवाटीच्या पण हलत्या गर्दीत, जिन्याच्या एक मीटर रुंदीवरून मिनिटाला साधारण चाळीस माणसं वर चढतात. तीन मीटरचा जिना असेल तर एकशेवीस. आता दादरसारख्या स्थानकात एका फास्ट लोकलमधून बाराशे माणसं उतरली असं धरा. एकाच जिन्याने ती वर जायला दहा मिनिटं हवीत. तीन जिने असतील तर सव्वातीन. पुढची लोकल तीन-चार मिनिटांत येतेच आहे. कागदावर जमलं.

प्रत्यक्षात जमत नाही, कारण गर्दी स्वतःला सारखी वाटून घेत नाही. रोजच्या प्रवाशाला कुठला डबा जिन्यासमोर लागतो ते पाठ असतं. कल्याणला चढतानाच तो दादरच्या पुलाचा विचार करून उभा राहतो. अडीचशे मीटर लांबीच्या गाडीतल्या निम्म्या माणसांना एकच जिना हवा असतो. त्या जिन्यावर सहाशे माणसं आली की पाच मिनिटं गेली, आणि तेवढ्यात मागची लोकल फलाटाला लागली. शिवाय त्याच जिन्यावरून गाडी पकडणारे खाली उतरत असतात, म्हणजे तीन मीटरमधलं मीटर-दीड मीटर त्यांनी खाल्लं. वर पोचल्यावर पुलाच्या तोंडाशी कुणी मोबाइल पाहत थांबलं, तर गणित तिथेच संपतं.

चौरस मीटरला चार माणसं असतील तर माणूस सरकत सरकत का होईना पण चालतो. सातच्या पुढे गेली की चालणं संपतं. तिथे गर्दी वाहायला लागते, आणि कुणी कुठे जायचं हे कुणाच्याच हातात राहत नाही, असं फ्रुइन यांचं निरीक्षण आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर हेच झालं. पाऊस आला म्हणून लोक पुलाच्या छपराखाली थांबले आणि खालून लोकल येतच राहिल्या. २३ जण चेंगरून गेले. लोकल वेळेवर धावत होत्या, पूलही जागेवर उभा होता. वाढली होती ती फक्त थांबलेली मिनिटं.

त्या अपघातानंतर उजेडात आलेली बाब आकड्यांपेक्षाही बोलकी आहे. रेल्वेच्या जुन्या वर्गवारीत स्थानकातला पहिला पादचारी पूल आवश्यक मानला जाई आणि त्यानंतरचा प्रत्येक पूल ‘प्रवासी सुविधा’ या सदरात पडे. म्हणजे दुसरा जिना, दुसरा पूल हा बाकड्याच्या आणि पाण्याच्या नळाच्या रांगेत उभा राहून निधीची वाट पाहणार. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी हा नियम बदलून पूल अनिवार्य ठरवले गेले. मग लष्कराला बोलावून फेब्रुवारी २०१८ पर्यंत तिथे नवा पूल उभाही राहिला. वर्षानुवर्षं न झालेलं काम पाच महिन्यांत झालं.

आता सीएसएमटीकडे येऊ. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची ही वास्तू १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत सोळा लाखांच्या आसपास खर्चात उभी राहिली. २००४ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. २०२० मध्ये भारतीय रेल्वे स्थानक विकास महामंडळाने तिच्या पुनर्विकासासाठी खासगी भागीदार शोधायला सुरुवात केली. अंदाज १,६४२ कोटींचा. वास्तूला १९३० सालचं रूप परत देऊ, हे त्यातलं आश्वासन. वाद लगेच पेटले. भोवतालच्या जागेत किती बांधायचं, वारशाच्या शेजारी किती उंच जायचं, आणि खासगी कंपनीने वापरशुल्क लावलं तर ते पासवाल्याच्या खिशातून जाणार का? ऑक्टोबर २०२१ मध्ये ते महामंडळच गुंडाळलं गेलं. २८ सप्टेंबर २०२२ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्थानकांसाठी मिळून सुमारे १०,००० कोटी मंजूर केले, यावेळी सरकारी पैशाने. २०२३ मध्ये सीएसएमटीचं कंत्राट २,४५० कोटींना दिलं गेलं. दहा लाख प्रवाशांवर हा खर्च वाटला तर माणशी साडेचोवीस हजार रुपये पडतात.

त्या मंजुरीच्या वेळी सरकारने सांगितलेला एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रत्येक स्थानकावर रुळांच्या वर प्रशस्त ‘रूफ प्लाझा’ असेल, ३६, ७२ किंवा १०८ मीटरचा. तिथे दुकानं, खाण्यापिण्याची सोय, मुलांना खेळायला जागा. वर १०८ मीटर आणि खाली, ठाण्यात, दोन मीटरसाठी ६३ तासांचा ब्लॉक. पुनर्विकासाचा सगळा वाद या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे.

रूफ प्लाझा म्हणजे उधळपट्टी असं म्हणून तो झटकून टाकता येणार नाही. कोकणकन्येला निघालेलं कुटुंब चार बॅगा घेऊन तासभर आधी येतं आणि फलाटाच्या कडेला पथारी टाकतं. ते वर बसलं तर खालचा फलाट मोकळा होतो. येणारे आणि जाणारे वेगळ्या मजल्यांवरून गेले तर जिन्यावरची टक्कर टळते. शिवाय तिकिटातून पैसा सुटत नाही. लोकलचं किमान भाडं पाच रुपये आहे, आणि त्याला हात लावायची कुठल्याही पक्षाची तयारी नाही. दुकानांच्या भाड्यातून काही खर्च निघाला तर वाईट काय, हा प्रश्न रास्त आहे.

पण दुकानाला गिऱ्हाईक हवं असतं ते थांबणारं. स्थानकाचा नफा थांबलेल्या प्रवाशात आहे आणि स्थानकाची सुरक्षितता निघून जाणाऱ्या प्रवाशात. लांब पल्ल्याचा प्रवासी थांबतोच, त्याला छप्पर, खुर्ची, चहा द्यावा. लोकलच्या प्रवाशाला मात्र स्थानकात काहीच नको असतं. त्याला फक्त बाहेर पडायचं असतं. सीएसएमटीच्या सात फलाटांवरच्या त्या गर्दीला वर चढवून, दुकानांपुढून फिरवून पुन्हा रस्त्यावर उतरवलं, तर प्रत्येकाची दोन-तीन मिनिटं वाढतात. आणि तीन मिनिटांचे पाच हजार कसे होतात ते वर आलंच आहे.

न्यूयॉर्कने ही चूक करून पाहिली आहे. १९१० मध्ये उभं राहिलेलं पेन स्टेशन १९६३ मध्ये पाडायला सुरुवात झाली आणि त्याच्या डोक्यावर मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे क्रीडागृह बसलं. रूळ २१, कोविडच्या साथीच्या आधी रोजचे प्रवासी सहा लाखांहून जास्त. वरच्या इमारतीचे खांब थेट खालच्या फलाटांत उतरलेले. १ जानेवारी २०२१ ला समोरच्या जुन्या टपाल इमारतीत १.६ अब्ज डॉलर खर्चून मोयनिहान ट्रेन हॉल उघडला. छत काचेचं, आत भरपूर उजेड. पण रूळ आणि फलाट तेच राहिले, तेवढेच अरुंद. क्रीडागृह हलवायचं की नाही यावर राज्य, शहर, रेल्वे आणि मालक अजून भांडत आहेत. २०२३ मध्ये शहराने त्याला पाच वर्षांची मुदत दिली. २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने प्रकल्पाची सूत्रंच आपल्याकडे घेतली.

टोकियोने उलट्या टोकाने सुरुवात केली. शिंजुकू स्थानकात रोज सरासरी ३६ लाख माणसं, असा २००७ चा गिनेस विक्रम आहे. पण थक्क करतो तो दुसरा आकडा: बाहेर पडायचे रस्ते दोनशेहून अधिक. जवळच्या शिबुयात यामानोते मार्गाचे दोन फलाट जोडून एक रुंद फलाट करायचा होता. त्यासाठी २०२१ आणि २०२३ मध्ये जगातल्या अत्यंत गर्दीच्या त्या मार्गाचा मोठा भाग दोन-दोन दिवस बंद ठेवला गेला. आपल्या ठाण्याच्या ६३ तासांचाच हा जपानी भाऊ. गगनचुंबी इमारती तिथेही उभ्या राहत आहेत, पण फलाट त्यांच्या मागे राहिलेला नाही.

दादरनेही हा धडा गिरवला आहे. २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूचा एक फलाट बंद करून शेजारचा साडेतीन मीटरने वाढवला गेला. लोकल थांबते त्या अडीचशे मीटर लांबीत हे पावणेनऊशे चौरस मीटर होतात. चौरस मीटरला दोन माणसं धरली तरी साडेसतराशे जणांना उभं राहायला नवी जागा. उद्घाटनाच्या फोटोत दिसेल असं त्यात काहीच नाही.

आणि स्थानकाची हद्द जिथे संपते तिथे प्रवाशाची वाट संपत नाही. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीबाहेरचा हिमालय पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला, माणसं गेली. तो पूल महापालिकेचा होता आणि काही काळापूर्वीच्या तपासणीत किरकोळ दुरुस्तीपुरता ठीक ठरला होता. फलाट रेल्वेचा, पूल पालिकेचा, भुयारी मार्गाच्या तोंडाशी फेरीवाला आणि पोलिस. घाईत असलेल्या माणसाच्या पायाखालून या चारही हद्दी पाच मिनिटांत जातात. त्यामुळे पुनर्विकासाचा नकाशा स्थानकाच्या भिंतीशी थांबला तर आत वाचवलेली मिनिटं बाहेर रांगेत जाऊन बसतात.

म्हणून अशा प्रकल्पाचं चित्र वर्तमानपत्रात छापून आलं की त्यावरची हिरवळ आणि काच बाजूला ठेवून चार आकडे मागावेत. सकाळी नऊ वाजता भरलेली बारा डब्यांची लोकल लागली तर फलाट किती मिनिटांत रिकामा होईल? फलाटाची सर्वात अरुंद जागा, खांब आणि स्टॉल वगळून, किती मीटर? त्यातला एक जिना दुरुस्तीसाठी बंद असेल तर पहिल्या आकड्याचं काय होईल? आणि बारा डब्यांऐवजी पंधरा आले, म्हणजे उतरणारे सव्वापट झाले, तर? लोकल लांब करायची मागणी आपण हिरिरीने करतो, पण वाढलेले तीन डबे उतरणार त्याच जिन्यावर.

या चार प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी आराखडा तयार करणाऱ्याला संगणकावर फार तर काही दिवस लागतात, आणि बहुतेक वेळा ती त्याच्याकडे असतातच. कोटींचा आकडा पहिल्या पानावर येतो तसा फलाट रिकामा होण्याचा वेळही निविदेच्या अटींत लिहिला जावा आणि काम संपल्यावर एखाद्या सोमवारी सकाळी घड्याळ लावून मोजला जावा. तो जमला नाही तर कंत्राटदाराचं शेवटचं बिल अडवावं. रूफ प्लाझा ३६ मीटरचा करायचा की १०८ मीटरचा, यावर मग खुशाल भांडावं.