विक्रेता सुचवितो ती एंजिनाची निगा

छापखाना, औषधांची घाऊक पेढी किंवा फर्निचरचें दुकान चालविणाऱ्या पुष्कळ घरांत आज एकादी लहान मालमोटार असते. ती बहुधा कर्ज काढून घेतलेली असते आणि रोजच्या फेऱ्या करून तिनेंच आपला हप्ता फेडावयाचा असतो. अशी गाडी ठरल्या वेळीं विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्यें नेली, कीं मेजापलीकडील गृहस्थ एक छापील कागद पुढें करतात. त्यावर तेल व फिल्टर यांच्याखालीं आणखी चार-सहा कलमें असतात : एंजिन आंतून धुणें, इंजेक्टर साफ करणें, कार्बन काढणें, तेलांत व डिझेलमध्यें घालावयाचीं औषधें. "करून घेतलेलें बरें," असें ते सौम्यपणें म्हणतात. तें कोणाला बरें, हें ठरवावयाचें कसें, एवढाच आजचा विषय आहे.

गाडी बनविणारा आणि गाडी विकणारा हे दोन निराळे पक्ष आहेत, ही गोष्ट श्रोत्यांनीं प्रथम ध्यानांत घ्यावी. कारखाना गाडीबरोबर एक पुस्तिका देतो. कोणतें काम किती किलोमीटरांनीं अगर किती महिन्यांनीं करावें याचें कोष्टक तींत असतें. हमीच्या मुदतींत एंजिन स्वतःच्या दोषानें बिघडलें तर खर्च कारखान्याच्या अंगावर येतो. तेव्हां खरोखर आवश्यक असलेलें काम कोष्टकांतून गाळण्यांत त्याचा कांहींच लाभ नाहीं. विक्रेत्याची मिळकत मात्र पुष्कळशी वर्कशॉपवर अवलंबून असते. यांत लबाडीच असते असें नव्हे. सोनारानें दागिना सुचवावा तितकेंच तें स्वाभाविक आहे. म्हणून कागदावरील प्रत्येक कलमास एकच प्रश्न विचारावा : हें पुस्तिकेंत कोठें आहे?

येथें आपल्या बाजूचीही एक खोड सांगितली पाहिजे. पुष्कळ पुस्तिकांत साधा वापर आणि कठीण वापर अशीं दोन प्रमाणें दिलेलीं असतात, आणि मालक बहुधा साध्या वापराचें सोईस्कर प्रमाण वाचतो. "आमची गाडी शहराबाहेर जातच नाहीं," असें तो अभिमानानें सांगतो. वस्तुतः शहरांतल्या तोकड्या फेऱ्या, चौकांतील खोळंबा, धूळ आणि पूर्ण भार हाच कठीण वापर होय. गाडी उभी असतांना चालू राहिलेलें एंजिन किलोमीटर दाखवीत नाहीं, पण तेल खर्ची पाडतें. कांहीं अमेरिकन पुस्तिकांत असा एक तास २५ ते ३३ मैलांच्या प्रवासाबरोबर धरलेला आहे. तेव्हां विक्रेता तेल लौकर बदला म्हणाला, तर तें बहुधा खरें निघतें.

मात्र त्यासाठीं तो पुष्कळदां जें कारण दाखवितो, तें खोटें असतें. तो पट्टी बाहेर काढून तेल दाखवितो आणि म्हणतो, "पाहा, कसें काळें झालें आहे!" डिझेल एंजिनांत नवें तेल थोड्याच दिवसांत काळें होतें आणि तें व्हावेंच. ज्वलनांतली काजळी भिंतींवर बसूं न देतां आपल्यांत तरंगत ठेवणें, हें त्या तेलांतील द्रव्यांचें कामच आहे. धोब्याचें पाणी मळकें झालें म्हणजे कपडे निघाले असें आपण समजतों, तसेंच हें. रंगावरून तेलाचें आयुष्य कळत नाहीं.

यावरूनच एंजिन धुण्याच्या कलमाचा निकाल लागतो. ज्या एंजिनाचें तेल वेळच्या वेळीं बदललेलें आहे, तें योग्य प्रतीच्या तेलानेंच धुतलें जात असतें. त्याला निराळें स्नान नको. ज्याची वर्षानुवर्षें हेळसांड झाली आहे, त्यांत घट्ट गाळ सांचलेला असतो. तीव्र द्रावणानें तो एकदम सुटला तर तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर जाऊन बसतो आणि एंजिनास तेल पोंचेनासें होतें. म्हणजे एकाला तें निरुपयोगी आणि दुसऱ्याला धोक्याचें. तसला गाळ दिसला तर चांगला मिस्त्री तेलाची टाकी उतरवून हातानें साफ करील.

"करून ठेवलें तर नुकसान काय?" असा प्रश्न येथें सुचतो. नुकसान असूं शकतें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश विमानदलाच्या कोस्टल कमांडमध्यें वॅडिंग्टन नांवाचे एक जीवशास्त्रज्ञ विमानांच्या बिघाडांचे आंकडे तपाशीत होते. लिबरेटर विमानांची दर ५० उड्डाण-तासांनीं ठराविक तपासणी होई. वॅडिंग्टन यांना असें आढळलें कीं, अचानक उद्भवणारे बिघाड तपासणीच्या लगेच नंतर सर्वांत अधिक होत आणि पुढें हळूहळू कमी होत. नीट चालणारी रचना उघडून पुन्हा जोडतांना माणसाच्या हातून नवे दोष शिरत होते. हें संशोधन १९७३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. यावरून निगा करूंच नये असा अर्थ कोणीं काढूं नये. कारणावांचून उघडूं नये, एवढाच त्याचा अर्थ. हवेच्या फिल्टरलाही हें लागू पडतें. तो उगाच वारंवार काढला, कीं बैठक सैल होऊन धूळ बाजूनें आंत शिरते.

आतां इंजेक्टरांकडे वळूं, कारण तेथें हिशेब करतां येतो. इंजेक्टर साफ करण्यास ४,००० रुपये पडतात असें समजूं. गाडी वर्षाला २०,००० किलोमीटर धांवते, एका लिटरला १५ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपयें लिटर आहे असें धरूं. वर्षाला सुमारें १,३३३ लिटर डिझेल लागेल. चार हजार रुपये भरून निघण्यास सुमारें ४४ लिटर वांचले पाहिजेत, म्हणजे शेंकडा सव्वातीनहून अधिक बचत झाली पाहिजे, आणि तीही वर्षभर. निरोगी एंजिनांत एवढी बचत येणार कोठून? उलट, गाडी सुरू होण्यास वेळ लागत असेल, उभी असतां थरथरत असेल, किंवा टाकी भरून भरून काढलेली सरासरी खरोखर उतरली असेल, तर काम करण्यास कारण आहे. तेव्हांही आधीं इंजेक्टरांची चांचणी मागावी आणि आलेले आंकडे पाहावे. या यंत्राचीं भोकें केसासारखीं बारीक असून दाब हजार बारच्याही वर जातो. तेथें अंदाजानें कांहीं करण्याची सोय नाहीं.

इतका वेळ खर्च वांचविण्याचें बोललों, पण काटकसरी मालक नेमकें नको तेथें हात आखडतो. रेडिएटरमध्यें नळाचें पाणी भरणें ही अशीच एक महाग काटकसर होय. ज्या एंजिनांत लायनरला बाहेरून पाण्याचा प्रत्यक्ष स्पर्श असतो, तेथें लायनरच्या कंपनानें सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. कूलंटमधील द्रव्यें धातूवर संरक्षक थर धरतात. तीं नसलीं तर खड्डा आरपार जाऊन पाणी तेलांत उतरतें. डिझेलच्या फिल्टरखालीं सांचलेलें पाणी सोडणें हें दोन मिनिटांचें काम, पण पावसाळ्यांत तें कोणी करीत नाहीं. टायमिंगचा पट्टा असलेलें एंजिन असेल तर त्याची मुदत एक दिवसही लांबवूं नये. पट्टा तुटल्यास बहुतेक डिझेल एंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आपटतात, आणि मग हप्ता फेडणारी गाडी महिनाभर दारांत उभी राहते.

हमीच्या भीतीनें पुष्कळ लोक मुकाट्यानें सगळ्या कलमांवर सही करतात. हमीसाठीं पुस्तिकेंतील कामें वेळेवर झालीं पाहिजेत आणि त्यांचीं बिलें जपून ठेवलीं पाहिजेत. विक्रेत्यानें पदरची जोडलेली कलमें त्यांत येत नाहींत. भारताच्या स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं १४ मोटार-कारखान्यांना सुट्या भागांच्या बाजाराबद्दल एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. गाडी बाहेरच्या कारागिराकडे नेली एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द होईल अशी अट घालूं नये, असेंही त्या आदेशांत होतें. प्रकरण पुढें अपिलांत गेलें, आणि तें मुख्यतः प्रवासी मोटारींचें होतें; म्हणून आपल्या हमीपत्राच्या अटी स्वतः वाचाव्या हें उत्तम.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा हें प्रमाण लागू झालें, तेव्हांपासून तेलाची प्रत हा विषय अधिक नाजूक झाला आहे. या डिझेल गाड्यांच्या धुराड्यांत बहुधा काजळी अडविणारी गाळणी असते. अडकलेली काजळी गाडी स्वतः जाळून टाकते, परंतु तेलांतील द्रव्यांची राख जळत नाहीं. ती तेथेंच सांचते. म्हणून पुस्तिकेंत जी प्रत लिहिली असेल तीच घालावी, मग डबा कोणत्याही छापाचा असो. काजळी जाळण्यासाठीं कांहीं गाड्यांत एंजिनच जादा डिझेल सोडतें. फेऱ्या तोकड्या असल्या म्हणजे ज्वलन अर्धवट राहून तें डिझेल तेलांत उतरूं लागतें आणि तेल पातळ होतें. त्यासाठीं आठवड्यांतून एकदां, एंजिन थंड असतां, घरच्याच माणसानें तेलाची पट्टी पाहावी. तेल कमी झालें तर घालतां येतें. खुणेच्या वर चढलेलें दिसलें तर त्या दिवसाची फेरी रद्द करावी आणि कलमांचा कागद न मागतां गाडी सरळ वर्कशॉपमध्यें न्यावी.