दिव्यांगांच्या प्रातिनिधिक संघटना आणि शासकीय अर्थसाहाय्य

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती आहेत. त्यांच्या कल्याणाचा विचार करताना शिक्षण, उपचार, साहाय्यभूत साधने व आरक्षण यांची चर्चा होते. मात्र या समूहाच्या वतीने बोलणाऱ्या संघटनांना शासन कोणते पाठबळ देते, हा प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात कायदेशीर तरतुदींच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

दोन प्रकारच्या संस्था

दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि दिव्यांगांनी स्वतः चालविलेल्या संघटना यांत मूलभूत भेद आहे. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही प्रामुख्याने सेवा देणारी संस्था होय. तर १९७० मध्ये स्थापन झालेली नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही अंधांची स्वतःची संघटना होय. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने २०१८ मधील आपल्या सातव्या सामान्य भाष्यात हाच भेद अधोरेखित केला. ज्या संघटनेचे नेतृत्व व नियंत्रण दिव्यांगांकडे आहे, तीच प्रातिनिधिक, असे समितीचे प्रतिपादन आहे.

दुसऱ्या प्रकारच्या संघटनेचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिले. परंतु त्याची गणना कशी करावी याविषयी वाद होता. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडने न्यायालयीन लढा दिला. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ही गणना केवळ अपंगांसाठी निश्चित केलेल्या पदांवर नव्हे, तर संवर्गातील एकूण रिक्त पदांवर करावी, असा निर्णय दिला. या खटल्यात प्रतिपक्ष होता तो केंद्र शासन. सेवा देणाऱ्या, अनुदानावर अवलंबून असलेल्या संस्थेस असा लढा देणे अवघड असते.

कायद्यातील स्थान व अर्थसाहाय्य

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी दिव्यांग हक्क करारास अनुसमर्थन दिले. त्याच्या कलम ४(३) नुसार धोरणे ठरविताना प्रातिनिधिक संघटनांमार्फत दिव्यांगांशी विचारविनिमय करणे राज्यसंस्थेवर बंधनकारक आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये न्यासाच्या मंडळावर नोंदणीकृत संघटनांचे ९ सदस्य नेमण्याची तरतूद असून त्यांत स्वयंसेवी संस्था, पालकांच्या संघटना व दिव्यांगांच्या संघटना यांचे प्रत्येकी ३ सदस्य असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६० नेही केंद्रीय सल्लागार मंडळावर अशा संस्था-संघटनांच्या १० प्रतिनिधींची तरतूद केली आहे. मात्र ते ‘शक्यतोवर’ दिव्यांग असावेत, एवढीच अट आहे.

प्रतिनिधित्वाची जागा अशी मिळते. साधने मात्र मिळत नाहीत. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार नोंदणीकृत संस्थांना मिळणारे अर्थसाहाय्य सेवा पुरविण्यासाठी व योजना राबविण्यासाठी आहे. दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेचे अनुदानही विशेष शाळा, पुनर्वसन केंद्रे यांसारख्या प्रकल्पांना मिळते. परंतु कर्णबधिर सदस्यास बैठकीत सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो, अंध सदस्यास कागदपत्रे ब्रेलमध्ये लागतात, ग्रामीण भागातील सदस्यास प्रवासखर्च व मदतनीस लागतो. हा खर्च सेवा प्रकल्पाच्या चौकटीत बसत नाही. परिणामी शहरी, सुशिक्षित व तुलनेने सक्षम गटांचाच आवाज ऐकू येतो. २०१६ च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यांतील अनेक गट असंघटितच राहण्याचा धोका यातून संभवतो.

साहाय्य व स्वातंत्र्य

शासनाच्या पैशाने शासनावर टीका कशी करावी, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्त आहे; परंतु त्यावर उपाय साहाय्य नाकारणे हा नव्हे. ऑस्ट्रेलियाचे संघराज्य शासन प्रातिनिधिक संघटनांसाठी स्वतंत्र निधी देते. वर उल्लेखिलेल्या भाष्यानेही केवळ प्रकल्पापुरता नव्हे, तर संघटनेच्या मूलभूत कारभारासाठी निधी द्यावा आणि तिची स्वायत्तता जपावी, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

समारोप

यावरून तीन गोष्टी आवश्यक ठरतात : प्रतिनिधित्वासाठी सेवा अनुदानाहून वेगळे लेखाशीर्ष, अनेक वर्षांची निश्चिती, आणि वाटपाचा निर्णय ज्या विभागाच्या धोरणावर टीका होणार त्याच्याकडे नसणे. हिशेबतपासणी काटेकोर असावी. मतांची तपासणी नसावी. सल्लागार मंडळावरील खुर्ची ही प्रतिनिधित्वाची सुरुवात आहे. त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याचे व तेथे निर्भयपणे बोलण्याचे बळ देणे हे शासनाचे पुढचे कर्तव्य होय.