‘थोडी सूज आहे’ नको, आकडा सांगा!

भगिनींनो, रक्तवाहिनीचं ऑपरेशन होऊन माणूस घरी आलं आणि चार दिवसांत त्याचा पाय सुजला, की घरातल्या बाईच्या पोटात गोळा येतो. पण ही सूज बहुधा अपेक्षितच असते. हृदयाच्या बायपाससाठी पायातली शीर काढून घेतली असेल, तर तो पाय सुजतो. पायातल्याच बंद पडलेल्या धमनीचा बायपास झाला असेल, तर तिथं पुन्हा भरपूर रक्त पोचू लागतं, म्हणूनही सुजतो. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, अशी ती कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिनेही रेंगाळते.

खरी अडचण पुढेच आहे. रोज डोळ्यांसमोर असलेल्या पायातला फरक डोळ्यांना कळत नाही. घोटीसारख्या गावातून नाशिकचे डॉक्टर पस्तीसेक किलोमीटरवर. त्यात इगतपुरीकडचा तो धो धो पाऊस! फोनवर “जरा जास्त वाटतेय हो” एवढंच सांगितलं, तर डॉक्टरांनी तरी काय समजायचं?

तेव्हा शिवणाच्या डब्यातली टेप काढा. जुनी, ताणलेली कापडी नको. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून खाली १० सेंटीमीटरवर बॉलपेननं खूण करा. घोट्याच्या जरा वर दुसरी. तिथं जखम किंवा पट्टी असेल तर खूण थोडी सरकवा. माप दोन्ही पायांचं घ्या, रोज सकाळी, अंथरुणातून उठायच्या आधी. टेप कातडीला नुसती टेकवायची. ब्लाउजच्या मापासारखी आवळायची नाही बरं का! आकडे तारखेसह वहीत लिहा आणि मापं शक्यतो एकाच माणसाने घ्यावीत, हात बदलला की आकडाही बदलतो.

पोटरीच्या त्या जागी दोन पायांत ३ सेंटीमीटरहून जास्त फरक दिसला, की डॉक्टर आतल्या शिरेत गुठळी तर नाही ना, हे पाहतात. ऑपरेशनच्या पायात मुळातच फरक असतो, म्हणून तर घरी आल्या दिवशीचा आकडा हवा. आकडा एकाएकी चढला, पोटरी दुखू लागली, गरम किंवा लाल झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. धाप लागली, छातीत दुखलं किंवा पाय गार, पांढुरका, बधिर पडला, तर वही बाजूला ठेवून १०८ला फोन करा.

आणि सासूबाई कितीही म्हणाल्या तरी तेल चोळणं, शेक देणं नाही. पाय मात्र उशीवर उंच ठेवायला हरकत नसते, तरी एकदा विचारून घ्या. घट्ट मोजे तर धमनीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालूच नयेत.

ऑपरेशन तुमचंच असेल, तर जोडवी आणि पैंजण आधीच उतरवून ठेवा. सूज चढल्यावर जोडवी कापून काढावी लागतात.