निगामी अनुमान
आधारविधाने स्वीकारल्यास निष्कर्ष अपरिहार्यपणे निष्पन्न होतो, असा दावा ज्यात केलेला असतो, ते अनुमान. आधारविधाने सत्य असताना निष्कर्ष असत्य असणे अशक्य असेल, तर हा दावा खरा ठरतो व अनुमान युक्त असते. एरवी ते अयुक्त असते.

युक्तता ही विधानांच्या सत्यतेहून भिन्न आहे. ‘सर्व सस्तन प्राणी भूचर आहेत, देवमासा सस्तन प्राणी आहे, म्हणून देवमासा भूचर आहे’ हे अनुमान युक्त आहे, परंतु पहिले आधारविधान असत्य असल्याने निष्कर्षही असत्य ठरला आहे. युक्तता अनुमानाच्या आकारावर अवलंबून असते, आशयावर नव्हे.

दोन आधारविधानांत समान असलेल्या मध्यपदाच्या द्वारा इतर दोन पदांचा संबंध प्रस्थापित करणाऱ्या अनुमानास संवाक्य म्हणतात. त्याची पद्धतशीर मीमांसा ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) ह्याने केली. मध्यपद निदान एका आधारविधानात संपूर्ण वर्गाला उद्देशून योजलेले असावे लागते. ‘हिवतापाच्या सर्व रुग्णांना ताप येतो, ह्या माणसाला ताप आला आहे, म्हणून त्याला हिवताप झाला आहे’ ह्या अनुमानात हा नियम मोडला आहे. ताप इतर रोगांतही येतो. त्या माणसाला खरोखरच हिवताप झालेला असला, तरी तो ह्या अनुमानाने सिद्ध होत नाही. त्यासाठी रक्ततपासणीसारखा स्वतंत्र पुरावा लागतो.

न्यायदर्शनाने प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन असे अनुमानवाक्याचे पाच अवयव मानले असून त्यातही हाच विवेक आढळतो. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती स्वीकारल्यास पर्वतावरील धुरावरून तेथील अग्नीचे अनुमान करता येते. मात्र अग्नीवरून धुराचे करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी मानला जातो, पण धूर नसतो.

संवाक्याचे २५६ आकार संभवतात. पारंपरिक तर्कशास्त्रानुसार त्यांपैकी २४, तर आधुनिक तर्कशास्त्रानुसार केवळ १५ युक्त आहेत. ‘सर्व’ ह्या शब्दाने वस्तूंचे अस्तित्व गृहीत धरले जाते की नाही, ह्यावरून हा फरक पडतो. ‘नक्कल करणारे सर्व परीक्षार्थी अपात्र ठरतील’ हा नियम कोणीही नक्कल केली नसतानाही लागू असतो. त्यामुळे केवळ त्या नियमावरून काही परीक्षार्थींनी नक्कल केली आहे, असा निष्कर्ष काढणे अयुक्त होय.